एकशे चोवीस मिनिटं

आमच्या भाऊजींना ऑफिसात मिनिटराव म्हणतात. तोंडावर कुणी म्हणत नाही, पण त्यांना ते ठाऊक आहे. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पूल आणि पाण्याचे मोठे नळ तपासणारं एक ऑफिस आहे, तिथले सगळे लॅपटॉप गेली एकवीस वर्षं त्यांच्या ताब्यात आहेत. तपासनीस सकाळी एकेक लॅपटॉप उचलून बाहेर पडतात, दिवसभर कुठल्यातरी पुलाखाली नाहीतर खणलेल्या चरात उभे असतात, आणि तिथे प्लग कुठला असायला? तो लॅपटॉप संध्याकाळपर्यंत पुरवायचा कसा, एवढंच भाऊजींचं काम. दुसरं त्यांना काही येत नाही, असं मी एकदा चारचौघांत बोलून गेले होते. ते मी अजून मागे घेतलेलं नाही.

त्यांची खोली मी पाहिली आहे. भिंतीला लोखंडी फळ्या, फळ्यांवर उभे ठेवलेले लॅपटॉप, आणि प्रत्येकाच्या झाकणावर पांढऱ्या चिकटपट्टीवर लिहिलेला एक आकडा. दोनशे दहा. एकशे पंचावन्न. अठ्ठ्याण्णव. ही मिनिटं. टक्क्यांवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. "टक्के खोटं बोलतात," हे त्यांचं एकुलतं एक वाक्य होतं आणि ते कुणालाही ऐकवायचे. "चाळीस टक्के उरलेत म्हणता. कशाचे चाळीस? बॅटरी म्हातारी झाली की तिचं शंभर म्हणजे तरुणपणीचं साठ. मला मिनिटं सांगा." दर तीन महिन्यांनी ते एकेक लॅपटॉप पूर्ण भरून सुरू करत आणि तो मरेपर्यंत घड्याळ लावून त्याच्यासमोर बसत. मेला की पट्टीवरचा जुना आकडा खोडून नवा लिहीत. नवा आकडा जुन्याहून नेहमी लहानच असायचा. त्याचं त्यांना वाईट वाटतंय असं कधी दिसलं नाही.

एकदा एक मोठे इंजिनिअर तणतणत आले, की तुमचा लॅपटॉप दीड तासात बसला. भाऊजींनी तो उघडला. पडद्याचा प्रकाश शंभर, कीबोर्डखालचा दिवा चालू, वायफाय, ब्लूटूथ, आणि सदतीस पानं उघडी, त्यातल्या दोनांत क्रिकेटचा धावफलक. भाऊजी एकेक पान बंद करत गेले, साहेबांच्या देखत, सदतीसच्या सदतीस. मग म्हणाले, "पूल पाहायला जाताय ना? मग पूलच पाहा."  पुढे साहेबांच्या वाट्याला कायम अठ्ठ्याण्णव मिनिटांवाला आला.

घरी हेच. खोलीतून माणूस उठला की मागून भाऊजी यायचे आणि दिवा मालवायचे. उठण्याची वाट तरी पाहायचे का, कोण जाणे. मी एकदा ताईकडे राहायला गेले असताना, मी न्हाणीघरात आहे हे माहीत असूनही बाहेरचं बटण त्यांनी बंद केलं, कारण म्हणे पाण्याचा आवाज थांबला होता. मी आतून ओरडले. ताई स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, तुम्ही उगाच!" पुढचं वाक्य ती कधी पुरं करायची नाही. "तुम्ही उगाच" एवढं म्हणायची, आणि पुढचं समजून घ्यायचं. तुम्ही उगाच उठलात. तुम्ही उगाच बोललात. तुम्ही उगाच छत्री आणलीत. तीस वर्षांच्या संसारात ती हे किती वेळा म्हणाली असेल? मोजायला भाऊजीच लागतील.

माझ्या ताईचं तोंड म्हणजे तिची बोटं. लोकांची हस्तलिखितं, अर्ज, प्रबंध, काय वाटेल ते टाइप करून द्यायची. दहाही बोटांनी, कीबोर्डकडे न बघता, आणि त्याच वेळी माझ्याशी बोलत. ऑफिसनं मोडीत काढलेला एक लॅपटॉप भाऊजींनी तिला दुरुस्त करून दिला होता. त्याच्याही झाकणावर पट्टी. ताई चेष्टेनं म्हणायची, "माझ्या कपाळावर पण एक आकडा लिहून टाका." भाऊजी म्हणायचे, "तुला प्लग लागत नाही." यापेक्षा गोड बोलताना मी तरी त्यांना ऐकलं नाही.

मी शिवणकाम करते. माझं दुकान घरापासून चार गल्ल्या पुढे, रुग्णालयापासून दहा मिनिटांवर. हे सांगायचं कारण पुढे येईल.

ताईच्या घशात गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली, गाठ गेली, पण श्वासासाठी गळ्यात नळी बसवली आणि आवाज गेला. काही आठवड्यांपुरता, असं डॉक्टर म्हणाले. उजव्या हातात सुई टोचलेली, तो हात पट्टीवर बांधलेला. डावा मोकळा, पण सुजलेला, त्यात पेन धरवेना. फोनवरची अक्षरं त्या सुजलेल्या बोटाला सापडेनात, एक दाबावं तर तीन उमटत. मग भाऊजींनी तिचा लॅपटॉप आणला. अक्षरं मोठी करून दिली. डाव्या हाताच्या एका बोटानं ती एकेक कळ शोधून दाबायची. आवाज तेवढाच.

खाटेमागे चार प्लग होते, चारांवर लाल चिकटपट्टी. ते फक्त यंत्रांसाठी. नर्सबाई चांगल्या होत्या, पण या बाबतीत ऐकत नसत. मागे कुणीतरी फोन लावायला म्हणून यंत्राची वायर काढली होती, तेव्हापासून नियम. म्हणजे रात्री घरी नेऊन भरायचा, सकाळी आठला आणायचा, आणि संध्याकाळपर्यंत पुरवायचा. भाऊजींच्या आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचं काम घरच्या माणसाच्या कामी येत होतं.

ते त्यात किती रमले म्हणून सांगू! म्हातारी बॅटरी, एरवी सव्वादोन तास चालायची. भाऊजींनी वायफाय तोडलं, आवाज बंद केला, प्रकाश विसावर आणला, टाइप करायची एक फाइल सोडून बाकी सगळं उडवून टाकलं. एक मिनिट कुणी हात लावला नाही की पडदा काळा, पाच मिनिटं लावला नाही की लॅपटॉप झोपणार, असं लावून दिलं. आणि त्या डब्यातून दोनशे मिनिटं काढली. चिकटपट्टीवरचा आकडा पहिल्यांदाच वाढला. त्यांनी तो मला दाखवला, डॉक्टरांना दाखवला, शेजारच्या खाटेवरच्या बाईला दाखवला. दोनशे मिनिटांची वाटणीही ठरली. सकाळी डॉक्टर यायच्या वेळेला इतकी, दुपारी मी यायचे तेव्हा इतकी, संध्याकाळी दोघांना इतकी. ताईला सांगून ठेवलं, "चुकलं तर खोडत बसू नकोस, मिनिटं जातात. आम्हाला कळतं." त्यामुळे तिच्या सगळ्या चुका त्या फाइलमध्ये तशाच राहिल्या. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करून टाइप करणारी बाई.

मी दुपारी एकला दुकान बंद करून जायची, चारला परत यायची. भाऊजी सकाळी आठ ते रात्री नऊ तिथेच, लॅपटॉपची बॅग पायांत धरून. ताई काहीबाही टाइप करायची. "समोरची बाई घोरते. मला आवाज नाही आणि हिला किती." "धाकटीने केसांना कलप लावलाय. लक्षात आलं म्हणून सांगू नका." धाकटी म्हणजे मी. मी शेजारीच बसले होते आणि पडदा माझ्याकडेच होता. आम्ही हसलो. ताईचं हसणं म्हणजे नळीतून नुसती फुसफुस.

त्यांची एकुलती मुलगी, चिमणी, दोन विमानं बदलून यावं लागतं इतक्या लांब नोकरीला होती. ताईनंच तिला थोपवलं होतं, की साधी शस्त्रक्रिया आहे, रजा घालवू नकोस, मला घरी सोडलं की ये. शस्त्रक्रियेनंतर बाराव्या दिवशी ताईला ताप चढला, छातीत पाणी झालं, आणि मीच चिमणीला फोन केला. चौदाव्या दिवशी संध्याकाळी सातला ती पोहोचणार होती.

त्या चौदाव्या दिवसाबद्दल मला सांगायचं आहे, आणि नीट सांगायचं तर क्रमानं सांगायला हवं. सकाळी नऊपासून सव्वादहापर्यंत ताईनं टाइप केलं. डॉक्टरांशी थोडं, भाऊजींशी थोडं. तापामुळे ती फार हळू झाली होती, एक शब्द झाला की डोळे मिटून पडायची, मग दुसरा. सव्वादहाला पडदा काळा झाला. भाऊजींनी बोट लावून पाहिलं, बासष्ट टक्के. त्यांनी गणित केलं. बासष्ट टक्के म्हणजे एकशे चोवीस मिनिटं. चिमणी सातला येणार, भेटीची वेळ नऊला संपणार, म्हणजे एकशे वीस. वर चार मिनिटं उरतात. इतकं चोख बसलं, की त्यांनी झाकण लावलं आणि लॅपटॉप बॅगेत घातला. मी एकला गेले तेव्हा मला दारातच सांगितलं, "धाकटे, मायलेकींना पूर्ण दोन तास मिळतायत." ते खुशीत होते, मला चांगलं आठवतं.

ताई जागी होती. ती डाव्या हाताची तर्जनी उचलायची आणि चादरीवर दोनदा ठोकायची, ही तिची खूण. लॅपटॉप द्या. दीडला तिनं भाऊजींकडे बघून बोट ठोकलं. भाऊजी म्हणाले, "आता नको. चिमणी येतेय ना, तिच्यासाठी राखून ठेवलंय." अडीचला परत ठोकलं. ते म्हणाले, "थोडा धीर धर गं, साडेचार तास राहिले." ताईनं डोळे मिटले. मी तिथेच होते, खाटेच्या दुसऱ्या बाजूला. मी काही बोलले नाही.

तीन वाजता नर्सबाईंनी एक इंजेक्शन खालून आणायला सांगितलं. भाऊजी बॅग माझ्या मांडीवर ठेवून औषधांच्या खिडकीवर गेले. तिथे रांग होती, त्यांना पंचवीस मिनिटं लागली. ते परत आले तोवर ताईचा श्वास बदलला होता. मग आम्हाला बाहेर काढलं. पावणेपाचला डॉक्टर बाहेर आले.

मला रडू आलं नाही. ते खोटं नाही आणि त्यात मोठेपणाही नाही. मी बाकावर बसून समोरच्या भिंतीवरचा, हात कसे धुवावेत याचा तक्ता वाचत होते. सहा पायऱ्या होत्या. भाऊजी माझ्या शेजारी, बॅग पायांत. आम्ही सात वाजेपर्यंत असेच बसलो. चिमणी बॅग ओढत धावत आली, आम्हाला पाहिलं आणि उभीच राहिली. मग तिनं विचारलं, "आई काही म्हणाली?"

भाऊजी म्हणाले, "झोपली होती. दिवसभर झोपेतच होती."

चिमणीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

झालं ते एवढंच. त्यानंतरच्या दीड वर्षात चिमणीनं आईचा मृत्यू या एका वाक्यावर पेलला, की ती झोपेत होती, तिला कळलंच नाही, सांगायचं काही राहिलं नाही. फोनवर मला म्हणायची, "एक बरं झालं मावशी, तिची काही इच्छा अडकून नाही राहिली." मी हो म्हणायची. फोन ठेवला की मला भाऊजींचा संताप यायचा. बाईचं बोलणं होतं ते, पुलाखालचा लॅपटॉप नव्हता! तुम्ही एका मरणाऱ्या बाईचं बोलणं राखून ठेवलंत. हे मी त्यांना मनातल्या मनात हजारदा ऐकवलं असेल, कपडा बेतताना, काजं करताना. तोंडावर एकदाही नाही.

भाऊजी पाचव्या दिवशी ऑफिसला गेले. लोक म्हणाले, मन घट्ट केलं. मी म्हटलं, मुळातच दगड, त्याला घट्ट काय करायचं? दर रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे जाते, दोन दिवस पुरेल एवढं जेवण देते आणि घर झाडून येते. ते टेबलाशी बसलेले असतात. विचारलं तर उत्तर देतात. "बरं आहे." "जेवलो." "आणलं." त्यांच्याशी बोलणं म्हणजे पावती फाडून घेणं. आणि मीही काही वेगळी नव्हते. मी जायची, झाडायची, यायची. ताईचा फोटो पुसायची आणि मला काही म्हणजे काही वाटायचं नाही. गिऱ्हाइकाचं माप घेताना जेवढं वाटतं तेवढंही नाही. कधी कधी वाटायचं, आम्ही दोघं सारखेच झालोय, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली होती. घरातला एकही दिवा आता ते मालवत नव्हते. भर सकाळी आठला जावं तर बोळातला दिवा चालू, न्हाणीघरातला चालू, झोपायच्या खोलीत कुणी नाही आणि तिथलाही चालू. मला वाटलं, आळस. बायको गेली की पुरुष गबाळे होतात. मी फिरून फिरून बटणं बंद करायची.

आणि दुसरी गोष्ट. महिन्याच्या पहिल्या रविवारी ते ताईचा लॅपटॉप कपाटातून काढायचे. ताईच्या एका उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेला असायचा. फ्रिजशेजारच्या प्लगला लावायचे, काही मिनिटांनी काढायचे, बंद करून परत गुंडाळायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "बॅटरी साठवून ठेवायची असली तर भरलेली ठेवू नये, रिकामी ठेवू नये. साठाच्या आसपास ठेवावी. टिकते." मी केरसुणी उचलली. बायकोचं बोलणं टिकवलं नाहीत, बॅटरी टिकवा.

चिमणी मधून मधून तो लॅपटॉप मागायची. आईनं टाइप केलेली ती फाइल तिला हवी होती. भाऊजी सांगायचे, जुना झालाय, उघडत नाही. ती मला विचारायची, "मावशी, बाबांनाच नाही उघडत?" मी म्हणायची, "म्हातारा झालाय गं तो." लॅपटॉप की भाऊजी, ते मी स्पष्ट केलं नाही.

गेल्या महिन्यात चिमणी आठ दिवसांसाठी आली. न कळवता, शनिवारी. रविवारी सकाळी मी डबा घेऊन गेले तर ती टेबलाशी बसली होती आणि समोर भाऊजी. पहिला रविवार होता, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांच्या मात्र आलं होतं. ते उठले, कपाटाकडे गेले, आणि लेकीच्या देखत तो अभ्रा घेऊन आले. दीड वर्ष उघडत नाही म्हणून सांगितलेला लॅपटॉप.  एवढ्या दिवसांत पहिल्यांदा मला काहीतरी वाटलं, आणि ती भीती होती.

 भाऊजींनी तो उघडला आणि तिच्यासमोर सरकवला. कोपऱ्यात बासष्ट.

मी तो आकडा पाहिला. साठाच्या आसपास म्हणत होते, आणि आसपास वगैरे काही नव्हतं. दीड वर्ष दर महिन्याला तो माणूस त्याच आकड्यावर आणून ठेवत होता. त्या दिवशी स्वतः झाकण लावलं होतं त्या आकड्यावर.

"यात आहे सगळं," भाऊजी म्हणाले. "पहिल्या दिवसापासूनचं. वाच."

चिमणीनं वरून वाचायला सुरुवात केली, मोठ्यानं. घोरणारी बाई. माझा कलप. "सूप म्हणजे भांडी विसळलेलं पाणी." "यांना शर्ट बदलायला सांगा." आईच्या चुकांसकट वाचत होती, मध्येच हसायची, मध्येच थांबून डोळे पुसायची. मी अजून डबा हातात घेऊन उभी होते. खाली खाली येत ती चौदाव्या दिवसावर आली.

"नळी कधी काढणार विचारा." "चिमणी निघाली का." आणि त्याखाली, शेवटी, दोनच शब्द. "तुम्ही उगाच."

"पुढे?" चिमणीनं विचारलं. तिनं पान खाली ओढून पाहिलं. पुढे काही नव्हतं.

"पुढे नाही," भाऊजी म्हणाले.

"नाही म्हणजे? एवढंच लिहून झोपली?"

 चिमणी त्या दोन शब्दांकडे बघत बसली, आम्ही तिच्याकडे. आणि तेवढ्यात पडदा काळा झाला.

चिमणी दचकली. "हे काय? गेला?"

"नाही. एका मिनिटानं जातो," भाऊजी म्हणाले. "मीच लावलंय तसं. बॅटरी वाचते." त्यांनी बोट लावलं, पडदा उजळला. मग त्याच आवाजात, पावती फाडल्यासारखं, ते सांगत गेले. "तिला त्या दिवशी एका शब्दाला मिनिट-दीड मिनिट लागत होतं. दोन शब्द टाइप केले आणि दम घ्यायला डोळे मिटले. पडदा गेला. मला वाटलं, झालं तिचं. मी झाकण लावलं. ती झोपलेली नव्हती चिमणे. दुपारभर जागी होती. परत मागत होती. मी नाही म्हटलं. तू येणार म्हणून दोन तास राखून ठेवले होते."

मी खुर्ची ओढून बसले. मला वाटलं होतं, हे त्यांना कळलेलंच नाही. एवढे दिवस मी त्यांना दगड म्हणत होते, आणि ते दर महिन्याला हे दोन शब्द उघडून बघत होते.

चिमणी ओरडली नाही. ओरडली असती तर सोपं गेलं असतं. ती म्हणाली, "माझ्यासाठी राखून ठेवले होते ना? मग बसा इथे. दोन तास."

आणि तिनं परत वरून वाचायला घेतलं. एकेक ओळ, हळू, प्रत्येक ओळीवर विचारत, की हे कोणाला म्हणाली, तेव्हा काय झालं होतं, तुम्ही काय म्हणालात. भाऊजी सांगत होते. त्यांना आठवत नव्हतं असं काहीच नव्हतं. कुठे जास्त वेळ बोलणं झालं आणि मिनिट भरत आलं, की त्यांचं बोट पुढे यायचं आणि कीबोर्डखालच्या चौकोनाला हलकेच लागायचं. पडदा जायला नको म्हणून. घड्याळाकडे न बघता, अचूक. ते सेटिंग बदलता आलं असतं, एका झटक्यात. चिमणीनं बदलायला सांगितलं नाही, त्यांनी बदललं नाही. चार्जर टेबलावरच पडला होता. त्यालाही कुणी हात लावला नाही.

पन्नास. अडतीस. एकवीस. बोळातला दिवा चालू होता, मी तो बंद करायला उठले नाही. डब्यातलं जेवण गार झालं. दहाच्या खाली आल्यावर लॅपटॉपनं सूचना दाखवली, भाऊजींनी ती बाजूला केली. शेवटी चिमणी पुन्हा त्या दोन शब्दांवर येऊन थांबली होती आणि भाऊजींचं बोट चौकोनावर होतं, तेव्हा पडदा गेला. बोट लावूनही उजळला नाही.

"एकशे अठरा मिनिटं," भाऊजी म्हणाले. "सहा कमी भरली."

चिमणीनं झाकण लावलं नाही. काळ्या पडद्यात तिचा चेहरा दिसत होता, आणि मागे माझा. ती म्हणाली, "खरं सांगा बाबा. त्या दुपारी आईनं किती वेळा मागितला?"

"दोनदा," भाऊजी म्हणाले. "दीडला आणि अडीचला."

मला गप्प बसता आलं असतं. दीड वर्ष बसलेच होते, आणि सगळा राग भाऊजींवर काढून मजेत बसले होते. पण त्या माणसानं सगळं सांगून टाकलं होतं, आणि त्यातला एक आकडा चुकीचा होता.

"तीनदा," मी म्हणाले.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

"भाऊजी इंजेक्शन आणायला गेले होते तेव्हा. बॅग माझ्या मांडीवर होती. तिनं माझ्याकडे बघून बोट ठोकलं."

"मग?" चिमणीनं विचारलं. "दिला का नाहीस मावशी?"

"बासष्टचे एकसष्ट झाले असते," मी म्हणाले.